मोरचुदाने पाणी निवळलं, मासे गेले: एका शेततळ्याच्या नोंदी (एप्रिल ते जुलै २०२५)

ठिकाण वरुड तालुका, जिल्हा अमरावती. संत्र्याची ६०० झाडं ठिबकवर, आणि नऊशे फुटांचं बोअर, जे उन्हाळ्यात दोन तास चाललं की हवा ओकतं. म्हणून शेततळं. वरून ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, उतार दीडास एक, आत प्लास्टिक कागद. मागच्या ऑगस्टमध्ये कटला आणि रोहू माशांची १२०० बोटुकली (लहान पिल्लं) सोडली होती. घरच्या सात बकऱ्या आणि दोन गाई ज्या हौदावर पितात, तोही याच तळ्याच्या पाण्याने भरायचो. तळ्यावर हिरवा थर आलाय आणि हातात मोरचुदाची (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) पिशवी आहे, अशा कास्तकारासाठी हे लिहून ठेवतोय.

४ एप्रिल

ठिबकचा डिस्क फिल्टर चाळीस मिनिटांत तुंबला. गेल्या महिन्यापर्यंत चार तासांनी धुवायचो. चकत्यांवर हिरवं, बुळबुळीत पीठ. तळ्यावर गेलो तर पूर्वेच्या कोपऱ्यात ऑइलपेंटचा डबा कलंडल्यासारखा थर. बांधावरून शेजारचे काका म्हणाले, "काहून गा, रंगपंचमी आत्ता आठवली का तुले?"

घरात सगळ्यांचं एकच मत, शेवाळ आहे, दरवर्षी येतं. पण दरवर्षीचं शेवाळ काठाला केसासारखं चिकटतं, हाताने ओढून निघतं. हे हातातून निसटत होतं.

५ एप्रिल

काल रात्री पाण्याच्या बाटलीत तळ्याचं पाणी भरून अंधारात, न हलवता ठेवलं होतं. सकाळी सगळं हिरवं वर तरंगून आलेलं, बोटभर कड, खाली पाणी जवळपास निवळ. साधं हिरवं शेवाळ बहुतेक खाली बसतं. वर येतं ते निळं-हिरवं शेवाळ, कारण त्याच्या पेशीत हवेचे फुगे असतात. नावाला शेवाळ, प्रत्यक्षात जीवाणू. त्यातला मायक्रोसिस्टिस नावाचा प्रकार यकृतावर जाणारं विष करतो, आणि ते उकळून जात नाही. प्रत्येक थर विषारीच असतो असं नाही, पण डोळ्याने ते ओळखता येत नाही आणि विष मोजायची सोय माझ्याकडे नव्हती. म्हणून विषारी आहे असंच धरायचं ठरवलं.

धरायचं ठरवलं आणि हौदाचा नळ मात्र तसाच चालू ठेवला. ही पहिली चूक.

७ एप्रिल

मोरचूद घरात होतंच. डिंक्या रोगासाठी झाडांच्या बुंध्याला बोर्डो मलम लावतो, त्यातलं उरलेलं. कृषी केंद्रवाल्या भाऊंना विचारलं, ते म्हणाले, "दोन किलो टाका, दोन दिवसांत पाणी आरशासारखं." माझाही हिशोब तोच आला. हजार लिटरला एक ग्रॅम, तळ्याची क्षमता १९७१ घनमीटर, म्हणजे दोन किलो.

संध्याकाळी साडेसहाला, ऊन उतरल्यावर, बादलीत विरघळवून एकाच बाजूने पूर्ण दोन किलो ओतलं. या वाक्यात तीन चुका आहेत. त्या कळायला मला सहा दिवस लागले.

८ एप्रिल

थर फाटला. हिरव्याचा पिवळसर झाला. फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, अकरा अंगठे आले.

९ एप्रिल

पहाटे चारला वडिलांनी उठवलं. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत होते, सगळ्या तळ्यावर एकच पुचपुच आवाज. मोटर लावून पाणी फवारलं असतं तर पाण्यात हवा मिसळली असती. पण शेतीची थ्री फेज लाइन आमच्याकडे पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि हा आठवडा दिवसाचा. पहाटे चारला मोटर म्हणजे लोखंडाचा ठोकळा. काकांकडचं डिझेल इंजिन बैलगाडीवर घालून आणून, पाइप जोडून, पाणी उडायला पावणेसहा झाले.

३१२ मासे मेले, अंदाजे १८० किलो. मोठे आधी गेले, लहान बरेच वाचले. तांब्याच्या विषाने मेले असते तर असं वजनाप्रमाणे निवडून मेले नसते. हे प्राणवायू संपल्याचं लक्षण. शेवाळ एकदम मेलं, कुजायला लागलं, आणि कुजताना रात्रीतून पाण्यातली हवा पिऊन गेलं.

एक जण मेलेले मासे अर्ध्या भावाने मागायला आला. दिले नाहीत. हे विष माशाच्या यकृतात आणि आतड्यात साठतं, आणि कुठल्या बाजारात कोणाच्या ताटात गेलं ते मला कळलं नसतं. जेसीबी बोलवायला परवडेना, मग दोघांनी बांधाबाहेर खड्डा खोदून पुरले.

१० आणि ११ एप्रिल

दोन बकऱ्या खाली बसल्या. चारा सोडला, तोंडाला लाळ, डोळे पिवळसर. पशुवैद्यक आले तोवर एक गेली होती. त्यांनी पोट उघडून दाखवलं. यकृत सुजलेलं, काळपट, रक्ताने भरलेलं. त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पाजता?" मी हौदाकडे बोट दाखवलं आणि तेव्हाच मला कळलं. हौद तेव्हा बंद केला. दुसरी बकरी सलाइनवर जगली.

आईने दिवसभर माझ्याशी बोलणं टाळलं. रात्री फक्त म्हणाली, "मासे तुये होते. बकरी माही होती."

१३ एप्रिल

उद्या आंबेडकर जयंती, दुकानं बंद. आज घरी बसून सगळा हिशोब पुन्हा केला.

पहिली चूक, पाणी. १९७१ घनमीटर हे काठोकाठ भरलेल्या तळ्याचं माप. एप्रिलमध्ये पाणी १.८ मीटर होतं. तळ २१ बाय २१, त्या पातळीला वरचा चौरस २६.४ मीटरचा, मधला २३.७ चा. वरचं क्षेत्रफळ, मधल्याचं चौपट आणि तळाचं, यांची बेरीज करून खोलीच्या सहाव्या भागाने गुणलं की १०१५ घनमीटर. म्हणजे मी जवळपास दुप्पट मात्रा टाकली. उतार असलेल्या तळ्यात खोली थोडी उतरली की पाणी भराभर कमी होतं, हे मी कागद टाकताना ठेकेदाराकडून ऐकलं होतं आणि विसरलो होतो.

दुसरी चूक, एकदम आणि एकाच बाजूने. शेवाळ दाट असताना तळ्याचा तिसरा हिस्सा करून, मध्ये आठवडा-दहा दिवस सोडून टाकायला हवं होतं.

तिसरी चूक, संध्याकाळ. रात्री शेवाळ हवा बनवत नाही, उलट घेतं. मग मरणाऱ्या शेवाळाचा पूर्ण भार रात्रीवर पडला. टाकायचं तर सकाळी, ऊन असताना, आणि तेही रात्रीच्या लाइनच्या आठवड्यात.

मात्रेबद्दल एक गोष्ट, जी कृषी केंद्रात कोणी सांगितली नाही. मोरचूद किती टाकायचं हे पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटी, खारेपणा नव्हे) ठरतं. माती-पाणी तपासणीच्या जुन्या अहवालात बायकार्बोनेट लिटरला ४.८ मिलिइक्विव्हॅलंट होतं. त्याला ५० ने गुणलं की लिटरला २४० मिलिग्रॅम क्षारता. मासेपालनातला ढोबळ नियम असा, की क्षारतेला १०० ने भागलं की लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोरचूद. म्हणजे २.४. माझ्या चुकीच्या हिशोबाने पडलं जवळपास २, त्याच्या आतच. म्हणून मासे तांब्याने मेले नाहीत यावर मी ठाम आहे. क्षारता ५० च्या खाली असेल तर मात्र मोरचुदाला हात लावू नये, तिथे थोडंही तांबं माशाला मारतं. आणि आमच्यासारखं जड पाणी असेल तर उलटा त्रास. तांबं दिवस-दोन दिवसांत कार्बोनेट होऊन तळाला बसतं, वरचं पाणी पुन्हा मोकळं.

सगळ्यात महाग धडा वेगळाच होता. शेवाळ जिवंत असताना विष बहुतेक पेशीच्या आत असतं. मोरचूद पेशी फोडतं आणि आतलं विष पाण्यात सुटतं. म्हणजे पाणी दिसायला स्वच्छ झालं त्याच दिवशी प्यायला सगळ्यात वाईट. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या पाम आयलंडवर १९७९ मध्ये पिण्याच्या धरणावर शेवाळ आलं म्हणून मोरचूद टाकलं, आणि काही दिवसांत १४८ माणसं आजारी पडली, बहुतेक लहान मुलं. शेवाळावर मोरचूद चालतं हे अमेरिकेत १९०४ मध्येच मूर आणि केलरमन यांनी छापलं होतं, म्हणजे उपाय जुना आणि त्याची खोडही जुनी. माझ्या बकऱ्या फिल्टर स्वच्छ चालू लागल्याच्या दिवशीच ते पाणी प्यायल्या.

२१ एप्रिल

बाटलीच्या वर पुन्हा हिरवी कड. चौदा दिवसांत परत. मेलेल्या शेवाळातलं खत तळ्यातच राहिलं होतं, त्यावरच नवं आलं.

२३ एप्रिल

खत कुठून येतं याचा शोध. बावीस ट्रॅक्टर ट्रॉल्या माती वाहून बांध उंच केलेला, त्यामुळे वावरातलं पाणी आत येत नाही. माशांसाठी सुरुवातीला शेण आणि सुपर फॉस्फेट टाकलं होतं, "पाणी हिरवं झालं पाहिजे" म्हणून. त्या हिरव्याचं हे हिरवं झालं, एवढं कबूल. रोजची ढेप आणि कोंडाही होता. पण तेवढ्याने गणित जमेना.

जमलं ते दुपारी, लाइन गेल्यावर. व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात खत ओढणारी नळी) १२:६१:०० हे विरघळणारं खत सोडत होतो. मोटर बंद झाली आणि खताच्या टाकीतलं पाणी सरसर खाली गेलं, पण झाडांकडे नाही. पाइपाच्या तळ्यातल्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह गळका, मध्ये पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नाही. पाइपातलं सगळं उलटं तळ्यात. लाइन दिवसातून किती वेळा जाते ते वरुडच्या माणसाला सांगायला नको.

या खताच्या एका किलोत साधारण २६६ ग्रॅम शुद्ध स्फुरद. हजार घनमीटर पाण्यात ते लिटरला पाव मिलिग्रॅमच्या पुढे जातं. तळं हिरवं व्हायला ०.१ मिलिग्रॅमही पुरे. म्हणजे एक किलो खत उलटं गेलं की वर्षभराची सोय. मी दोन हंगाम असं टाकत होतो आणि संत्र्याच्या आंबिया बहाराला खत कमी पडतं म्हणून मात्रा वाढवत होतो.

२४ एप्रिल

नवा फूट व्हॉल्व्ह आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, दोन्ही मिळून १९०० रुपये. व्हेंचुरी तळ्यापासून उचलून फिल्टरच्या पुढे नेली. माशांचं खाद्य निम्मं केलं. सगळ्या उपायांत हाच एक असा, की आधी केला असता तर पुढचं काही लिहावंच लागलं नसतं.

२८ एप्रिल

मोरचूद पुन्हा नाही. तांबं कुजत नाही, उडून जात नाही, कागदाच्या तळात साठत जातं. ओलिताच्या पाण्यात तांबं लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या वर नको असं अन्न आणि कृषी संघटनेचं प्रमाण आहे. माझ्या पहिल्या मात्रेतलं तांबं टाकल्या दिवशी ०.५ च्या आसपास असणार.

या वेळी हायड्रोजन पेरॉक्साइड. निळं-हिरवं शेवाळ त्याला इतर शेवाळापेक्षा लवकर बळी पडतं, आणि काही दिवसांत त्याचं पाणी आणि प्राणवायू होतं. नेदरलँड्समधल्या कूट्सहाउस तळ्यावर २००९ मध्ये लिटरला २ मिलिग्रॅमने ते पूर्ण तळ्यात वापरलं होतं. पाचाच्या वर गेलं तर पाण्यातले बारीक किडेही मरतात, जे शेवाळ खातात.

बोअरचं पाणी सोडून पातळी दीड मीटरवर धरली, म्हणजे ८१३ घनमीटर. लिटरला ३ मिलिग्रॅमसाठी शुद्ध २.४४ किलो, पन्नास टक्क्यांचं ४.९ किलो. ३५ किलोचा कॅन २४५० ला आला. सकाळी आठला दोनशे लिटरच्या प्लास्टिक टाकीत पातळ करून, फवारणीच्या एचटीपी पंपाने चारही बाजूंनी मारलं.

अकराला पेरॉक्साइड मोजायच्या पट्टीवर १. दोनला शून्य. शेवाळाला काही झालं नाही. वर तरंगणाऱ्या दाट साईनेच सगळं औषध खाऊन टाकलं.

हातमोजा अंगठ्याजवळ फाटलेला होता. बोटं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी झाली आणि तासभर जळत होती. पन्नास टक्क्यांचं पेरॉक्साइड हे जखमेवर लावायचं पातळ पेरॉक्साइड नव्हे. चष्मा, लांब रबरी मोजे, जवळ पाण्याची बादली. कॅनचं झाकण हवा जाईल असंच असतं, ते बदलू नये, आणि लोखंड किंवा मोरचूद त्याच्या जवळ ठेवू नये.

३० एप्रिल ते २ मे

आधी साय काढायची. जुन्या नऊवारीची दोन टोकं दोघांनी धरून, पहाटे वारा पडलेला असताना, पूर्वेच्या कोपऱ्यात ओढायची. ऊन वाढलं की थर फाटतो, नऊनंतर काही हाती लागत नाही. तीन सकाळी, दोन मजूर बायका, रोजी तीनशे. एकीच्या हाताला खाज उठली, दुसऱ्या दिवशी दोघींना कोपरापर्यंत मोजे दिले. ते मी पहिल्याच दिवशी द्यायला हवे होते. निघालं ते माशांच्या खड्ड्याशेजारी पुरलं, बकऱ्या जाणार नाहीत तिथे.

प्लास्टिक कागदाचा उतार ओला झाला की साबणासारखा. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब पाण्यात सोडल्याशिवाय कोणी काठाशी उतरायचं नाही. शेततळ्यात माणसं कशी जातात ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

३ मे

पेरॉक्साइड दुसऱ्यांदा, तेवढंच, सकाळी आठला. अकराला पट्टीवर ३, चारला २, दुसऱ्या सकाळी १ च्या खाली. रात्रीच्या लाइनचा आठवडा निवडला होता, दोन ते सहा मोटर चालवून पाणी फवारलं. एकही मासा वर आला नाही.

६ मे

पाणी हिरव्याचं तांबूस-पिवळं. बाटलीत वरची कड नाही. जनावरांना हे पाणी अजून तीन आठवडे नाही, हौद बोअरवर. झाडांना ठिबकने मुळाशी चालू, पण घरच्या वाफ्यातल्या सांभार (कोथिंबीर) आणि पालकावर हे पाणी बंद. सांभार वाळला. आईने आज पहिल्यांदा त्याबद्दल टोमणा मारला, म्हणजे बोलणं सुरू झालं.

९ मे

पाण्यात विरघळलेलं स्फुरद खाली बसवायला तुरटी. पाणीपुरवठ्याला लागते ती लादी, किलोला २८ रुपये. आधी बादल्यांत करून पाहिलं. वीस लिटरला अर्धा, एक आणि दीड ग्रॅम. दुपारी केलं तर तिन्हींत नुसतं दुधी पाणी, खाली काही बसेना. वाटलं तुरटी भेसळीची. तुरटीवाल्याला फोनवर दोन शब्द जास्त बोललो.

दुसऱ्या सकाळी तेच केलं तर एक ग्रॅमच्या बादलीत फाटलेल्या दुधासारखे गोळे, अर्ध्या तासात तळाला. पीएच मीटरने उत्तर दिलं. दुपारी ९.४, सकाळी ८.१. ऊन चढलं की उरलेसुरले शेवाळ पाण्यातला कर्ब ओढून पीएच चढवतं, आणि वरच्या पीएचला तुरटीतलं ॲल्युमिनियम बसण्याऐवजी विरघळलेलं राहतं, जे माशांनाही वाईट. तुरटीवाल्याला पुन्हा फोन करून माफी मागितली.

११ मे

८१३ घनमीटरला लिटरमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ४१ किलो. रात्रभर चार टाक्यांत भिजवून पहाटे साडेपाचला मारायला सुरुवात, आठच्या आत संपवली. तुरटीने क्षारता खाली येते, किलोमागे अर्धा किलो चुनखडीइतकी, पण आमच्या २४० मधून २५ गेली तर काही होत नाही. क्षारता कमी असलेल्या तळ्यात मात्र आधी चुना लागेल. पंपाचं पितळी हेड लगेच साध्या पाण्याने धुतलं.

संध्याकाळपर्यंत दोन फूट खालचा प्लास्टिक कागद दिसला. काका म्हणाले, "आता पाय, मासे कपडे घातल्याबिगर फिरून रायले."

२५ मे

आतापर्यंतचा खर्च. मोरचूद, पेरॉक्साइड, पट्ट्या, तुरटी, मीटर, दोन व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून साडेनऊ हजार. मासे, बकरी आणि पशुवैद्यक मिळून ३१,८००. म्हणजे उपायापेक्षा पहिल्या संध्याकाळची घाई तिपटीहून महाग पडली. पेरॉक्साइडचा पंचवीस किलो कॅन उरला आहे, तो सावलीत, कुलपात.

फिल्टर पाच तासांनी धुतोय.

१४ जून

मृग लागून आठवडा झाला. ऊन-पावसाची उघडझाप, पाणी कोमट, म्हणजे शेवाळाची आवडती हवा. रोज बाटली भरून खिडकीत ठेवतो. एकदा आईने ती शिळं पाणी समजून तुळशीला घातली.

१९ जुलै

तळं पावणेतीन मीटर भरलं. उरलेले मासे अजून विकायला काढले नाहीत. काढले तरी आतडी-यकृत काढूनच देणार. तळाशी मोरचुदाचं तांबं, तुरटीत बांधलेलं स्फुरद आणि मेलेलं शेवाळ यांचा वीतभर गाळ आहे. पुढच्या उन्हाळ्यात तळं तळाला लागलं की तो काढायचा, आणि त्यातलं तांबं तपासल्याशिवाय झाडांना द्यायचा नाही.

आज बाटलीच्या वर केसाएवढी हिरवी कड आहे. नऊवारी धुऊन दोरीवर टाकली आहे, उद्या पहाटे लागेल.